फूटपाथच्या कडेचा उतार

१/ रस्ता आणि फूटपाथ यांच्या उंचीत साधारण सहा इंचांचा फरक असतो. पायी चालणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाची वाट मात्र त्या कडेपाशीच संपते. ही कडा उतरती करावी, एवढ्या साध्या मागणीमागे मोठा संघर्ष आहे. हा थ्रेड त्या संघर्षाचा.

२/ कल्पना नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धातून जखमी सैनिक परतू लागले, तेव्हा अमेरिकेतील कॅलमाझू या शहरात जॅक फिशर या माजी सैनिक वकिलाने पाठपुरावा केला आणि १९४५ च्या सुमारास तेथील काही कोपऱ्यांवर असे उतार झाले. मात्र इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले नाही.

३/ कॅलिफोर्नियातील एड रॉबर्ट्स याला १९५३ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी पोलिओ झाला. पोलिओची लस यायला अजून दोन वर्षे होती. मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी झाले. श्वासासाठी त्याला ‘आयर्न लंग’चा आधार घ्यावा लागे. या धातूच्या नळकांड्यात हवेचा दाब कमी-जास्त होतो आणि त्यामुळे छाती फुलते व आकसते.

४/ शाळेचे बरेचसे शिक्षण त्याने घरून, दूरध्वनीवर वर्ग ऐकत पूर्ण केले. शेवटी शाळेने पदविका अडवली. कारण काय, तर शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवणे हे दोन विषय पूर्ण झाले नव्हते! आई झोना रॉबर्ट्स वरिष्ठांपर्यंत गेल्या आणि पदविका मिळवूनच थांबल्या.

५/ १९६२ मध्ये एडने बर्कले विद्यापीठात प्रवेश मागितला. राज्याच्या पुनर्वसन विभागाने मदत नाकारली. हा तरुण कधीच नोकरी करू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. वृत्तपत्रांत टीका झाल्यावर विभाग नमला. पुढचा प्रश्न राहण्याचा होता. सुमारे ३६० किलो वजनाचे आयर्न लंग वसतिगृहात ठेवण्यासारखे नव्हते. अखेर विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात त्याची सोय झाली.

६/ त्याच काळात मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय विद्यार्थी सशस्त्र बंदोबस्तात पाऊल टाकत होता. एका दारावर वर्णाचा पहारा होता, दुसऱ्यावर पायऱ्यांचा. हे साम्य एडच्या पुढे ध्यानात आले आणि नागरी हक्कांची भाषा त्याने आपलीशी केली.

७/ पुढच्या वर्षी जॉन हेसलर आला. दशकाच्या अखेरीस कॉवेलमध्ये डझनभर असे विद्यार्थी होते. त्यांनी स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणवून घेतले. हातपाय निकामी झालेल्यांसाठी वैद्यकात जो शब्द वापरला जाई, त्याला त्यांनी चाके लावली होती.

८/ त्यांच्या चर्चेतून एक गोष्ट स्पष्ट होत गेली. सकाळी मदतनीस आला नाही तर अंथरूण सुटत नाही. खुर्चीचा टायर पंक्चर झाला तर तास बुडतो. घराला एक पायरी असली तर ते घर भाड्याने घेता येत नाही. यांपैकी एकही अडचण आजार नव्हे. डॉक्टरकडे तिचा इलाज नाही. म्हणजे बदलायचे आहे ते शरीर नव्हे, शहर.

९/ म्हणून १९७० मध्ये विद्यापीठात त्यांनी स्वतःचा कार्यक्रम उभारला. त्यात मदतनीसांची यादी, योग्य घरांचा शोध आणि खुर्च्यांची दुरुस्ती यांची सोय होती. १९७२ मध्ये हीच व्यवस्था शहरातील सर्वांसाठी ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ या नावाने खुली झाली. मदतनीस कोण आणि त्याने केव्हा यावे, हे आता रुग्णालय नव्हे, तर खुर्चीवरचा माणूस ठरवणार होता.

१०/ आणि फूटपाथ? रात्री हातोड्यांनी कडा फोडल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते. खरा बदल घडला तो नगर परिषदेत. १९७१ मध्ये, मुख्य बाजारपेठांतील रस्ते व फूटपाथ अपंगांना वावरता येतील असेच बांधायचे, हे बर्कलेचे अधिकृत धोरण ठरले.

११/ उताराचे गणितही समजून घ्यावे. सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे, म्हणजे सहा इंच चढायला सहा फूट लांबी. त्याहून तीव्र उतार हातांनी चाक फिरवणाऱ्याला जड जातो. शिवाय कडा नाहीशी झाली की अंध व्यक्तीच्या काठीला रस्ता कुठे सुरू झाला ते कळत नाही. त्यावरचा उपाय जपानी होता. सेइइची मियाके यांनी तयार केलेल्या उंचवट्यांच्या फरश्या १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसल्या.

१२/ १९७३ च्या अमेरिकी कायद्यातील कलम ५०४ ने, केंद्राचा निधी घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली. पण नियमांवर सही होईना. ५ एप्रिल १९७७ रोजी जूडी ह्यूमन, किटी कोन आणि सुमारे दीडशे जणांनी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कार्यालयात ठाण मांडले.

१३/ औषधे, मदतनीस, नीट अंथरूण, काहीच हाताशी नव्हते. दूरध्वनी तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप दिले. ब्लॅक पँथर पक्षाने जेवण पुरवले. २८ एप्रिलला मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी सही केली.

१४/ एड रॉबर्ट्सचे काय झाले? ज्या विभागाने त्याला नोकरीस अपात्र ठरवले होते, त्याच विभागाचा तो १९७५ मध्ये संचालक झाला.

१५/ आता भारत. आपल्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४५ मध्ये व्हीलचेअरसाठी फूटपाथला उतार करण्याचा स्पष्ट उल्लेख होता. पण त्याला ‘आर्थिक क्षमता व विकासाच्या मर्यादेत’ ही अट जोडलेली होती. पैसा नाही म्हटले की उतारही नाही!

१६/ २०१६ च्या नव्या कायद्याने विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम २०१७ मध्ये आले. मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष आखण्याचा आदेश केंद्राला दिला.

१७/ कॅलमाझूतील त्या उतारांना आता सुमारे ८० वर्षे झाली. तरी आपल्या शहरांत आजही अनेक व्हीलचेअर भर वाहतुकीतून, रस्त्याच्या कडेने चालताना दिसतात. शेजारी फूटपाथ असतो. त्यावर चढायला सहा फुटांचा उतार मात्र नसतो.