औषधाची किंमत, माणसाची किंमत

रोगाला जात नसते, धर्म नसतो, असे आपण सहज म्हणून जातो. औषधाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. ते कोणाच्या हाती पडावे, हे पुष्कळदा कायदा आणि किंमत ठरवते. दक्षिण आफ्रिकेचा अलीकडचा इतिहास याची साक्ष देतो.

एड्सवर तीन औषधे एकत्र देण्याचे उपचार १९९६ पासून रुळले आणि श्रीमंत देशांतले मृत्यू झपाट्याने घटले. पण एका रुग्णाचा वर्षाचा खर्च होता दहा ते पंधरा हजार डॉलर! दक्षिण आफ्रिकेत शतक संपताना लागण झालेल्यांची संख्या ४० लाखांच्या घरात होती. स्वस्त औषधे आणता यावीत म्हणून मंडेला सरकारने १९९७ साली कायदा केला. त्याविरुद्ध बड्या औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. २००१ मध्ये प्रिटोरियात खटला उभा राहिला तेव्हा त्या ३९ होत्या.

याच सुमारास मुंबईतून वेगळा आकडा पुढे आला. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली स्थापन केलेल्या सिप्लाचे प्रमुख होते त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी 'मेदसाँ साँ फ्राँतिए' या डॉक्टरांच्या संघटनेला हीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे रोज एक डॉलरहूनही कमी दरात, देऊ केली. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळेच हे शक्य झाले. त्यात औषधाच्या प्रक्रियेला पेटंट होते, खुद्द औषधाला नव्हते. निरनिराळ्या कंपन्यांची तीन औषधे एका गोळीत आणता आली ती त्यामुळेच. जगभरातून टीका झाली आणि १९ एप्रिल २००१ रोजी कंपन्यांनी खटला मागे घेतला.

हमीद हे नाव वाचून आपला ऊर भरून येतो. यावा. पण केवळ नावे मोजत बसलो, तर पुढचा इतिहास आपल्या हातून निसटेल. औषध स्वस्त झाले, तरी ते गरिबाच्या घरी पोचले नाही. आता आडवे आले खुद्द दक्षिण आफ्रिकेचे सरकार. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एचआयव्हीमुळेच एड्स होतो का, अशी शंका घेतली आणि औषधवाटप रखडले. २००० ते २००५ या काळात त्यापायी ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. राज्य आपल्या माणसांचे आले म्हणजे न्याय आपोआप येतो, या समजुतीला आम्हांला येथे तडा गेलेला दिसतो.

या सरकारशी झगडली ती 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' ही चळवळ. केपच्या मलाय मुस्लिम समाजात वाढलेले झॅकी अख्मत तिच्या संस्थापकांपैकी एक. ते स्वतः एचआयव्हीबाधित होते. सरकारी दवाखान्यात गरिबाला औषध मिळत नाही तोवर आपणही घेणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. २००२ मध्ये मंडेलांनी घरी येऊन समजावले, तरी ते बधले नाहीत. त्याच वर्षी जुलैत घटनापीठाने आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारे औषध सरकारी रुग्णालयांतून देण्याचा आदेश दिला. त्याला आधार होता राज्यघटनेतल्या २७ व्या कलमाचा, आरोग्यसेवेच्या हक्काचा. ऑगस्ट २००३ मध्ये सरकार सर्वांसाठी औषधयोजना आखण्यास तयार झाले, तेव्हा कुठे अख्मत औषध घ्यायला राजी झाले.

आज त्या देशात ५० लाखांहून अधिक लोक हे उपचार घेतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत अचानक रोखली. तिच्यावर चालणारे दवाखाने बंद पडले, हजारो आरोग्यसेवकांच्या नोकऱ्या गेल्या. औषधांचा बहुतांश पुरवठा मात्र टिकला, कारण त्याचा खर्च देश आपल्या तिजोरीतून करतो. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि मर्जी फिरली की थांबते. भांडून मिळवलेला हक्क अशा वेळी पाठीशी उभा राहतो, हे दक्षिण आफ्रिकेच्या गरिबांनी जगाला दाखवून दिले आहे.