उलट बोलणारं चाक

आयुष्यात मी दोनच गोष्टी चालवल्या. एक संसार, दुसरं बँकेचं काउंटर. दोन्हींचं स्टिअरिंग माझ्या हातात होतं, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. त्यामुळे भाच्याने भंगारातून व्हिडिओ गेम पार्लरमधलं मोटारशर्यतीचं कपाटाएवढं धूड आमच्या पंचवटीतल्या घराच्या पडवीत आणून टेकवलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "कितीला पडलं?" कॉमर्सचा पदवीधर दुसरं काय विचारणार!

पण या खेळाचा इतिहास चाळायला घेतला आणि सुरुवातीलाच आमच्या जातकुळीतला माणूस भेटला. १९७४ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीने 'ग्रॅन ट्रॅक १०' काढला. पडद्यावरच्या मोटारीला हातात धरायचं स्टिअरिंग, गिअर आणि पेडल देणारा हा आद्य खेळ. मशीन बनवायला खर्च १०९५ डॉलर आणि हिशेबातल्या चुकीमुळे विक्री ९९५ डॉलरला! म्हणजे खप जितका जास्त, तितका खड्डा खोल. आमच्याकडे शंभर रुपयांची तूट आली तरी कॅशियरचं जेवण थंड होतं हो!

त्या चाकाला तोंड मात्र नव्हतं. फिरवाल तसं फिरायचं. १९७६ साली सेगाच्या 'मोटो-क्रॉस'मध्ये धडक बसली की हँडल थरथरू लागलं. १९८९ च्या 'हार्ड ड्रायव्हिन'ने तर कमाल केली. किल्ली फिरवा, क्लच दाबा, गिअर टाका. आणि वळणावर आतली मोटर स्टिअरिंग उलट ओढणार! याला म्हणतात फोर्स फीडबॅक. चाक किती वळलं ते सेन्सर सांगतो, टायरवर किती जोर येईल ते संगणक मोजतो आणि तेवढा जोर मोटर तुमच्या मनगटात परत पाठवते. थोडक्यात, चाक उलट बोलतं.

भाच्याने फुगलेले कपॅसिटर बदलले, पिक्चर ट्यूब जिवंत केली आणि उद्‌घाटनाला आजोबांना बसवलं. आमचे नाना एस.टी.चे ड्रायव्हर. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्या घेऊन त्यांनी तीस वर्षं कसारा घाट केला. डोळ्यांनी दगा दिल्यापासून त्यांनी कुठल्या चाकाला हात लावला नव्हता. दोन वळणं घेऊन ते उठले.

"मेलेलं आहे रे हे."

खरंच होतं. आत नुसत्या स्प्रिंगा होत्या. पोरगं इरेला पेटलं. अंबडच्या वर्कशॉपमधून पुल्या करून आणल्या, पट्ट्यावर मोटर चढवली, सेन्सर बदलला, जुना बोर्ड काढून संगणक बसवला. तीन महिने पडवीत चपला काढायला जागा नव्हती.

नाना पुन्हा बसले. "अजून जड कर," म्हणाले. मग एका अवघड वळणावर त्यांनी तोंडानेच हॉर्न वाजवला.

"आता बोलतंय!"

मला ते लहानपणी गाडी शिकवत होते. स्टिअरिंग जड लागतं म्हणून तिसऱ्या दिवशी मी पळालो. त्यावर ते कधी अवाक्षर बोलले नाहीत.

"बस," ते आता म्हणाले.

बसलो. चाकाने हिसका दिला. मी उलट हिसका दिला. माझ्या हातावर त्यांचा हात आला.

"भांडू नकोस त्याच्याशी. काय सांगतंय ते ऐक."

या सगळ्याला एकूण किती खर्च आला, ते मला पैशापर्यंत ठाऊक आहे. घरच्या वहीत तो मी 'किरकोळ' या सदरात टाकला आहे. अटारीवाल्यांची चूक नकळत झाली. मी जाणूनबुजून केली आहे.