सायकलवाल्याची गाडी: छोट्या कारचा इतिहास सायकलच्या दुकानातून सुरू होतो

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातला ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

हेडफोन लावलेत ना? सायकल चालवत ऐकत असाल तर एक कान मोकळा ठेवा, हे नेहमीचंच सांगणं.

आज एक कबुली द्यायची आहे. मी कार घेतोय. गेली अकरा वर्षं मी पुण्यात ऑफिसला सायकलने जातो, हे तुम्हाला माहितीये. पण आईच्या दोन्ही गुडघ्यांनी आता संप पुकारलाय. रिक्षाची पायरी तिला चढवत नाही आणि आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. मागच्या पावसाळ्यात भर पावसात तिला अर्धा तास आडोशाला उभं केलं आणि तीनदा कॅब कॅन्सल झाली. त्या रात्री ठरवलं, आता बास.

ग्रुपवर सांगितलं तर एकाने लिहिलं, "शेवटी धर्म बदललास!" गंमतच होती ती, पण लागली. कारण दोन वर्षांपूर्वी एका पुलावर एका भल्यामोठ्या गाडीचा आरसा माझ्या कोपराला लागला होता. मी पडलो, गाडी थांबलीही नाही. आता त्याच गर्दीत माझीही चार चाकं? मग मी जे नेहमी करतो तेच केलं. इतिहास वाचायला बसलो. आणि सापडलं ते असं, की कार आणि सायकल ही दोन वेगळी घराणी नाहीतच. मुळात घर एकच, भांडण नंतरचं.

पंक्चरच्या दुकानातली ॲम्बेसेडर

तुमच्या आजोबांना ॲम्बेसेडर आठवत असेल. सरकारी पांढरी, छतावर लाल दिवा. ती गाडी म्हणजे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा भारतीय अवतार. आणि हा मॉरिस कोण? विल्यम मॉरिस, ऑक्सफर्ड गावातला सायकल दुरुस्त करणारा पोरगा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याने अगदी किरकोळ भांडवलावर सायकलींची दुरुस्ती सुरू केली. मग स्वतः सायकली बनवल्या, मग मोटरसायकली, आणि मग कार. म्हणजे आपल्या मंत्र्यांची गाडी मुळात एका पंक्चरवाल्याच्या घरातली!

दुसरी गोष्ट तर अगदी आपल्या मातीतली वाटावी अशी. चेक प्रदेशातल्या म्लादा बोलेस्लाव्ह गावात व्हाक्लाव्ह क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता होता. त्याची जर्मन बनावटीची सायकल बिघडली. त्याने कंपनीला आपल्या चेक भाषेत तक्रार लिहिली. उत्तर काय आलं, तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. साहेब चिडले. 1895 मध्ये त्यांनी लॉरिन नावाच्या कारागिराला जोडीला घेतलं आणि स्वतःच सायकली बनवायला लागले. काही वर्षांत मोटरसायकली आल्या, 1905 मध्ये पहिली कार आली, आणि 1925 मध्ये ही कंपनी स्कोडात विलीन झाली. तीच स्कोडा, जिने पुढे छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला कारखाना काढला. भाषेच्या अपमानातून सायकल आणि सायकलीतून कार! मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

हवा भरलेलं चाक

बरं, नुसती माणसंच नाहीत, सामानही सायकलचंच. कार्ल बेंझने 1886 मध्ये पेटंट घेतलेली तीन चाकी मोटरगाडी फोटोत बघा. तारांच्या स्पोकची चाकं आणि चेन, म्हणजे तीनचाकी सायकलला इंजिन जोडल्यासारखंच दिसतं. हवा भरलेलं टायर डनलॉप यांनी 1888 मध्ये बेलफास्टला तयार केलं, तेही स्वतःच्या मुलाच्या तीनचाकीसाठी. आणि फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी 1891 मध्ये रिमवरून सहज काढता येणारं सायकलचं टायर आणलं. तोपर्यंत पंक्चर काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम होतं.

हे मिशलँ नाव लक्षात ठेवा, कारण पुढे 1930च्या दशकात सित्रोएन ही बुडायला आलेली कार कंपनी याच घराण्याच्या ताब्यात आली. आणि त्यांच्या माणसाने, पिएर-ज्यूल बुलांजेने, इंजिनिअरांना एक जगावेगळं काम दिलं. गाडी अशी हवी की दोन शेतकरी आणि 50 किलो बटाटे मावले पाहिजेत, वेग ताशी 60 किलोमीटर, आणि 100 किलोमीटरला फक्त 3 लिटर पेट्रोल. वर नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत!

मध्ये महायुद्ध आलं. तयार नमुने जर्मनांपासून लपवून ठेवले गेले. शेवटी 1948 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांसमोर आली: सित्रोएन टू सीव्ही. इंजिन फक्त 375 सीसी. आपल्याकडच्या एका बुलेटपेक्षा जेमतेम मोठं. पत्रकार हसले, पण लोकांनी बुकिंगसाठी रांगा लावल्या.

तेल अडलं की गाडी लहान होते

आता इतिहासातला एक नियम बघा. तेल स्वस्त असलं की गाड्या फुगतात आणि तेल अडलं की बारीक होतात. 1956 मध्ये इजिप्तने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, युद्ध झालं, कालवा बंद पडला. ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. तेव्हा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ॲलेक इसिगोनिस या इंजिनिअरला सांगितलं, खरीखुरी छोटी गाडी काढ. 1959 मध्ये मिनी आली. लांबी साधारण 10 फूट, इंजिन 848 सीसी. युक्ती अशी की इंजिन आडवं बसवलं आणि पुढची चाकं फिरवली. त्यामुळे बाहेरून एवढीशी गाडी आतून चार माणसांची झाली. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या हीच मांडणी वापरतात.

पण मला सगळ्यात आवडलेला माणूस वेगळाच. मिनीला रबराचं सस्पेन्शन दिलं ॲलेक्स मोल्टनने. सुएझच्या त्या पेट्रोलटंचाईत हा गडी स्वतः सायकल चालवायला लागला आणि विचार करायला लागला, की सायकल इतकी वर्षं तशीच का आहे? 1962 मध्ये त्याने लहान चाकांची, रबराच्या सस्पेन्शनची सायकल बाजारात आणली. म्हणजे एकाच संकटातून, एकाच माणसाच्या डोक्यात, छोटी कार आणि नवी सायकल अशी दोन्ही पिकं आली. "धर्म बदललास" म्हणणाऱ्या माझ्या मित्राला मी हीच गोष्ट पाठवली. त्याने फक्त अंगठा पाठवला.

मारुतीची आजी

चला, आता घरी येऊ. सुझुकी ही मुळात हातमाग-यंत्रमाग बनवणारी कंपनी, 1909 पासूनची. 1952 मध्ये त्यांनी पहिलं मोटरवाहन बनवलं. काय होतं ते? सायकलला लावायचं 36 सीसीचं इंजिन! नाव पॉवर फ्री. त्याची खुबी अशी, की नुसतं पॅडल मारा, नाहीतर पॅडलला इंजिनाची मदत घ्या, नाहीतर नुसत्या इंजिनावर चालवा. आजची इलेक्ट्रिक सायकल वेगळं काय करते सांगा!

तीन वर्षांनी, 1955 मध्ये, त्यांची 360 सीसीची चिमुकली कार आली. जपान सरकारने छोट्या गाड्यांसाठी 'केई' नावाचा वेगळा वर्ग केला होता. गाडीची लांबी-रुंदी आणि इंजिन ठरलेल्या मापात ठेवा, कर कमी भरा. शिवाय 1962 मध्ये कायदा आला, की गाडी लावायला जागा आहे हे दाखवा, मगच गाडी घ्या. अरुंद गल्ल्यांच्या देशाने काढलेलं हे शहाणपण. (पेठेत राहणाऱ्यांनी इथे एक उसासा टाकावा.)

त्याच घराण्यातली गाडी थोडं मोठं, 796 सीसीचं इंजिन घेऊन भारतात आली. 14 डिसेंबर 1983. पहिल्या मारुती 800 ची किल्ली इंदिरा गांधींनी मालकाच्या हातात दिली. किंमत साधारण 50 हजारांच्या घरात, लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास, रुंदी दीड मीटरपेक्षा कमी. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरची सवय झालेल्या लोकांना ती काडेपेटी वाटली. आणि त्याच काडेपेटीने मध्यमवर्गाला चार चाकं दिली. तिची वंशावळ मागे न्या, आजीच्या जागी पॅडलवाली सायकल उभी आहे.

आपल्या पुण्याचंही तेच. एके काळी हे सायकलींचं शहर. 1972 मध्ये इथल्या फिरोदियांच्या कायनेटिकने लुना आणली. 50 सीसी इंजिन आणि सोबत पॅडलही. पेट्रोल संपलं तर? मारा पॅडल! सायकलवरून उतरून पुणेकर थेट कारमध्ये बसला नाही, तो लुनावरून गेला.

टेकडीवरचा आकडा

आता मुद्द्याचं. छोटी गाडी कमी तेल का पिते? हे सायकलवाल्याला शिकवावं लागत नाही. सिग्नलवरून निघताना पाठीवर लॅपटॉपची बॅग असेल तर पाय सांगतात. कात्रजच्या चढावर पोटाची चरबीसुद्धा सांगते. वजन जास्त की दरवेळी वेग घ्यायला जोर जास्त. आणि समोरून वारा असला की अंग चोरून, वाकून चालवतो ना आपण? गाडीचंही तसंच. समोरचं क्षेत्रफळ जितकं मोठं तितका वारा अडतो, आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट.

गाडीच्या जाहिरातीतला मायलेजचा आकडा मात्र रस्त्यावर काढलेला नसतो. गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेळापत्रकाने चालवून तो काढतात. हे काम करणारी मोठी संस्था, एआरएआय, आपल्या कोथरूडच्या टेकडीवर आहे, 1966 पासूनची. हो, तीच टेकडी, जिच्या चढावर आपण रविवारी धापा टाकतो. त्या रोलरवर ना खड्डा, ना लग्नाची वरात. त्यामुळे शहरात त्याहून कमीच मिळणार, हे धरून चला.

मग मी हिशोब मांडला. ऑफिस जाऊन-येऊन 16 किलोमीटर. महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 400 किलोमीटर. शहरात लिटरला 16 धरलं तर 25 लिटर. आणि आईची फिजिओ, महिन्याला समजा 100 किलोमीटर, म्हणजे सव्वासहा लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आता समजा, मी लिटरला 12 देणारी मोठी गाडी घेतली आणि ती फक्त आईसाठी काढली, तर लागतील सव्वाआठ लिटर. आणि लिटरला 16 देणारी छोटी घेऊन ऑफिसलाही नेली, तर सव्वाएकतीस!

म्हणजे सगळ्यात मोठं मायलेज इंजिनात नाही, न केलेल्या फेरीत आहे.

मग छोटीच कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं स्वतःला. उत्तर त्या पुलावर होतं. माझ्या कोपराला लागलेल्या आरशाला मायलेजशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला रस्त्यात जागा हवी होती, माझ्या वाटणीची. कमी चालवणाऱ्याची गाडी छोटी हवी ती पेट्रोलपेक्षा दुसऱ्यांसाठी.

डच लोकांनी काय केलं?

एक शेवटची गोष्ट. 1971 मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर 400 हून जास्त मुलं मेली. लोक रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' याच नावाची चळवळ उभी राहिली. तेवढ्यात 1973 ची तेलबंदी आली. सरकारने 4 नोव्हेंबरपासून काही रविवार गाड्याच बंद ठेवल्या. हायवेवर मुलं स्केटिंग करत होती, लोक सायकली घेऊन फिरत होते. रस्ता असाही असू शकतो, हे एका पिढीने डोळ्यांनी पाहिलं. पुढे सायकलचे वेगळे मार्ग झाले, वस्त्यांमधला वेग उतरवला गेला. पण डच लोकांनी गाड्या विकून टाकल्या नाहीत हं. आजही तिथे घरोघरी कार आहे. कुठल्या फेरीला काय काढायचं, एवढं मात्र त्यांनी ठरवलं.

तर मंडळी, माझं ठरलं. जुनी, छोटी, पेट्रोलवरची हॅचबॅक. मी शोरूममध्ये मेजरिंग टेप घेऊन गेलो होतो, सेल्समन जरा घाबरलाच. आरशांसकट रुंदी मोजली. आईला पुढच्या सीटवर बसवून उठवून पाहिलं. मागची सीट पाडली आणि पुढचं चाक काढून सायकल आत जाते का तेही पाहिलं. जाते! ड्रायव्हरच्या जागेवरून मागचा सायकलवाला दिसतो का, हे बघायला मित्राला मागे उभं केलं. आणि दार उघडण्याची डच पद्धत आतापासून घोटतोय. आपलं दार उजवीकडे, म्हणून ते डाव्या हाताने उघडायचं. हात आडवा नेला की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. एखाद्याचा जीव वाचवायला एवढीच कवायत पुरते.

आईला विचारलं, "कशी वाटली गाडी?" ती म्हणाली, "बरी आहे. पण तू ऑफिसला सायकलनेच जा हो, पोट सुटलंय."

भेटू पुढच्या भागात. तोवर टायरमधली हवा तपासा, सायकलची आणि गाडीचीही. हवा कमी असली की दोन्ही जास्त खातात, एक तुमचे पाय, दुसरी पेट्रोल.