फोटोतली बाई

मागे घर्रर्र असा आवाज येत असेल तर तो कूलरचा आहे. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग करणं मला जमणार नाही, तेव्हा सांभाळून घ्या. आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण राजे-महाराजे नाहीत, किल्ले नाहीत. एका नटीची गोष्ट आहे. आणि सुरुवात करायची आहे भिंतीवरच्या एका फोटोपासून.

'हम पांच' आठवते? १९९५ मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेली मालिका. आमच्यासारख्यांनी ती पुन्हा पुन्हा दाखवली तेव्हा पाहिली, नाहीतर यूट्यूबवर. अशोक सराफ म्हणजे आनंद माथुर, पाच मुलींचा वैतागलेला बाप. घरात दुसरी बायको, आणि भिंतीवर पहिलीचा फोटो. ती वारलेली आहे, पण फोटोतून बोलते. नवऱ्याला टोमणे मारते, सल्ले देते. लहानपणी मला ती आयडिया एवढी आवडली होती की आजोबांच्या फोटोसमोर उभी राहून मी वाट बघायचे, हे कधी बोलतात म्हणून.

एकदा हीच मालिका लागली होती आणि आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. फोटोकडे बघून म्हणाली, "अगं, ही तर रजनी होय नं!" मी म्हटलं, कोण रजनी? आई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी महात्मा गांधी कोण म्हणून विचारलं.

तर ती फोटोतली बाई म्हणजे प्रिया तेंडुलकर. विजय तेंडुलकरांची मुलगी, जन्म १९ ऑक्टोबर १९५४. तिच्या वडिलांबद्दल वेगळा भाग करावा लागेल, पण एक गोष्ट इथेच सांगते. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ सालचं. त्यात लीला बेणारे नावाची एक मोकळं बोलणारी, हसणारी शिक्षिका आहे, आणि आजूबाजूचे सगळे खेळ-खेळ म्हणत तिच्यावर खटला चालवतात. त्या वर्षी प्रिया तेरा वर्षांची होत होती. तोंड उघडणाऱ्या बाईचं लोक काय करतात, हा विषय त्या घरात जेवणाच्या ताटाइतका जवळ असणार. हा माझा अंदाज आहे, पण फार धाडसी नाही.

पुढे ती चित्रं काढायची, पंचतारांकित हॉटेलात स्वागतिकेची नोकरी केली, हवाई सुंदरी झाली, मॉडेलिंग केलं, टीव्हीवर बातम्या वाचल्या. आजच्या भाषेत, दर दोन वर्षांनी लिंक्डइन प्रोफाइल बदलणारी मुलगी. १९७४ मध्ये श्याम बेनेगलांचा 'अंकुर' आला. तो शबाना आझमीचा पहिला सिनेमा म्हणून सगळ्यांना माहीत असतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात जमीनदाराच्या मुलाची, म्हणजे अनंत नागची, लहानपणी लग्न झालेली बायको आहे, सरू. ती नांदायला येते आणि शबानाच्या लक्ष्मीला त्या घरातून दूर करायला लागते. ती सरू म्हणजे प्रिया. घराची, जातीची, नवऱ्याची हद्द राखणारी बायको. अकरा वर्षांनी हीच बाई टीव्हीवर सगळ्यांच्या हद्दी ओलांडत सुटणार होती.

मधल्या काळात तिने मराठी सिनेमे केले, 'गोंधळात गोंधळ', 'थोरली जाऊ', 'मुंबईचा फौजदार' वगैरे. कन्नडमध्ये शंकर नागचा 'मिंचिन ओटा' केला, १९८० साली. हाच शंकर नाग, ज्याने नंतर 'मालगुडी डेज' बनवलं. पण स्टार म्हणतात तसं काही झालं नव्हतं. ओळखीचा चेहरा, एवढंच.

आता १९८५ कडे येते. इथे जरा थांबावं लागेल, कारण तो काळ आपल्याला कळणं अवघड आहे. १९८२ च्या एशियाडला दूरदर्शन रंगीत झालं. मग छोट्या-मोठ्या शहरांत भराभर प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झालं, आणि प्रायोजक घेऊन मालिका चालवता येते हे सरकारला आणि साबण-पेस्टवाल्यांना एकदमच कळलं. चॅनेल मात्र बहुतेक ठिकाणी एकच. म्हणजे देशात ज्याच्याकडे टीव्ही आहे तो त्या वेळी तेच बघतोय.

दुसरी गोष्ट. त्या काळात फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. गॅससाठी तसंच. दुकानदार, एजन्सी, ऑफिस, सगळीकडे गिऱ्हाईक म्हणजे मेहेरबानी मागायला आलेला माणूस. आवडलं नाही तर दुसरीकडे जा म्हणायची सोय नाही, कारण दुसरीकडे असं काही नव्हतंच.

अशात बासू चटर्जींनी 'रजनी' आणली. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात' वाले बासू चटर्जी. आधी 'ब्लिट्झ' साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते, त्यामुळे रोजच्या जगण्यातली कुसळं त्यांना बरोबर दिसायची. रजनी ही साधी गृहिणी. साडी, टिकली, नवरा, मुलगी. ती पोलीस नाही, वकील नाही, पुढारी नाही. ती फक्त विचारते. सिलिंडरचं वजन कमी का? फोन बंद आहे तर बिल कसलं? टॅक्सी रिकामी आहे तर नाही का म्हणता? आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

टॅक्सीवाल्यांवरच्या भागावर टॅक्सीचालक चिडले, त्यांनी निषेध केला. विचार करा, एका काल्पनिक गृहिणीविरुद्ध खरीखुरी माणसं रस्त्यावर. मला तर हा त्या मालिकेला मिळालेला सगळ्यात मोठा पुरस्कार वाटतो.

आता आमच्या घरातली रजनी. माझं आजोळ महालातलं. वाड्यात टीव्ही एकाच बिऱ्हाडात, आणि बाकीचे सगळे त्यांच्या दारात. आई तेव्हा सतरा वर्षांची. रेशनच्या रांगेत तिला पाठवायचे, कारण भाऊ कधी जायचे नाहीत. मातीचं तेल, म्हणजे तुमचं रॉकेल, मापात घालताना फेस यायचा आणि फेसासकट माप भरलं म्हणून मोजायचे. आई म्हणाली, फेस बसू द्या, मग मोजा. दुकानदार म्हणाला, मागे रांग दिसत नाही का? ती म्हणाली, रांगेतल्या सगळ्यांचंच तेल कमी भरून राहिलं आहे नं, थांबतील ते. मागच्या बायका हसल्या, आणि थांबल्या.

घरी यायच्या आत बातमी वाड्यात पोहोचली होती. "आली, आली, रजनी आली!" मला वाटायचं आई ही गोष्ट अभिमानाने सांगते. पण परवा या भागासाठी मी तिला नीट बसवून विचारलं, तेव्हा ती वेगळंच बोलली. ते कौतुक नव्हतं. आजोबा म्हणाले होते, "रजनी टीव्हीतच शोभते." पुढच्या महिन्यापासून रेशनला मामा जायला लागला. आणि तिच्या लग्नाचं बघताना आजीने तिला बजावून सांगितलं होतं, पाहुण्यांसमोर फार बोलू नकोस. हे सगळं ती मटार सोलता सोलता सांगत होती. मी रेकॉर्डर चालू आहे का बघायचं निमित्त करून खाली मान घातली.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण इंटरनेटवर सर्रास लिहिलेलं असतं की 'रजनी'मुळे ग्राहक कायदा आला. तसं एका ओळीत म्हणू नका. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करत होती. एप्रिल १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. आणि आपला ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये, २४ डिसेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. यामागे वर्षानुवर्षं पत्रकं काढणारी, बैठका घेणारी माणसं होती, ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. 'रजनी'ने काय केलं असेल तर हा विषय बैठकीतून उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. तेही काही कमी नाही.

आणि प्रियाचं काय झालं? तिची रजनी झाली, कायमची. वडिलांनी लिहिलेल्या 'स्वयंसिद्धा' मालिकेत तिने मुख्य काम केलं. नव्वदच्या दशकात तिचा टॉक शो गाजला, तिथेही ती लोकांना आडवे-तिडवे प्रश्न विचारायची. म्हणजे पडद्यावरची रजनी आणि खरी प्रिया यातली रेघ पुसटच. पण ती लेखकही होती हे किती जणांना माहीत आहे? 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला', 'पंचतारांकित' ही तिची पुस्तकं. मला विचाराल तर तिला जे स्वतःचं म्हणून सांगायचं होतं ते तिकडे आहे. दिग्दर्शकाची रजनी नाही, बापाची स्वयंसिद्धा नाही, तिचं तिने लिहिलेलं.

हिंदी सिनेमाने तिला काय दिलं बघा. १९९५ चा 'त्रिमूर्ती'. त्यात ती जॅकी श्रॉफ, अनिल कपूर आणि शाहरुख खान यांची आई आहे. जॅकी श्रॉफ तिच्यापेक्षा सव्वादोन वर्षांनी लहान. सव्वादोन! मी विकिपीडियावर दोघांच्या जन्मतारखा दोनदा तपासल्या. आणि त्याच वर्षी 'हम पांच'मध्ये ती फोटोत. म्हणजे एक्केचाळिसाव्या वर्षी एकीकडे म्हातारी आई आणि दुसरीकडे स्वर्गवासी बायको. तरी गंमत अशी की फोटोत बसवूनही तिला गप्प करता आलं नाही. ती त्या चौकटीतून सगळ्यात भारी डायलॉग मारते.

१९ सप्टेंबर २००२ ला ती गेली. त्याआधी काही वर्षं कॅन्सरशी झुंजत होती. अठ्ठेचाळीस पूर्ण व्हायला बरोबर एक महिना बाकी होता. विजय तेंडुलकर त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं जगले.

आता शेवटचं, आणि हे सांगायला मला थोडी लाज वाटते. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे हे तुम्हाला माहीत आहे. मी नेमकं काय करते हे कधी सांगितलं नव्हतं. मी तक्रारींचे चॅटबॉट बनवणाऱ्या टीममध्ये आहे. आमचं यश कशावर मोजतात, माहीत आहे? किती तक्रारी माणसापर्यंत न पोहोचता बंद झाल्या, त्या टक्क्यावर. लक्षात घ्या, 'सुटल्या' नाही, 'बंद झाल्या'.

मार्चमध्ये आमच्या घरचा फ्रिज बिघडला, वॉरंटीत असताना. आई ॲपवर बसली. बॉटने चार वेळा माफी मागितली, तीनदा तोच पर्याय दिला आणि तिकीट बंद केलं. आईने चष्मा काढून मला विचारलं, "यात माणूस कुठे आहे गं?" तो बॉट आमच्या टीमचा नव्हता. पण मला त्याची प्रत्येक पायरी पाठ होती. आपण स्वतः बांधलेल्या भिंतीसमोर आईला उभं केल्यासारखं वाटलं.

मग आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, १९१५. आईने बिल, वॉरंटी कार्ड, तारखा, सगळं एका कागदावर आधीच लिहून ठेवलं होतं, सतरा वर्षांच्या मुलीच्या आवेशात. तिथे काम झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तिची तयारी होती. २०१९ च्या नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे मला तिने सांगितलं, मी तिला नाही. तिथवर जावं लागलं नाही. तीन आठवड्यांनी फ्रिज दुरुस्त झाला, तोवर आमचं दूध शेजारच्या काकूंकडे.

ऑफिसमध्ये मी 'माणसाशी बोला' हे बटण पहिल्या स्क्रीनवर आणा म्हणून मांडलं. चर्चा झाली, आकडे दाखवले गेले. सध्या ते तिसऱ्या स्क्रीनवर आलंय, आधी ते नव्हतंच. पुढच्या मीटिंगमध्ये मी परत विचारणार आहे. मला कुणी रजनी वगैरे म्हणालं नाही. टीममध्ये सगळे पंचविशीतले, रजनी कोण हे कुणालाच माहीत नाही.

तर आज घरी गेलात की आईला, मावशीला, शेजारच्या काकूंना विचारा, त्यांच्या गल्लीत रजनी कुणाला म्हणायचे. जे सांगतील ते रेकॉर्ड करा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. मागे कूलर वाजत असला तरी चालेल.