मोटरहोम बनवताना चेसिस आणि भिंतींचा सांगाडा कसा निवडतात?

व्हॅन लाइफचे रील्स पाहून वाटतं, जुना टेम्पो घ्यायचा, मागे डबा बसवायचा, झालं फिरतं घर! पण असा डबा काही महिन्यांत कोपऱ्यांतून तडकू लागतो आणि पहिल्याच पावसात गळतो. दोष बहुतेक वेळा खालीच असतो, चेसिसच्या जोडणीत.

लॅडर फ्रेम की मोनोकॉक?

लॅडर फ्रेम म्हणजे शिडीसारखी चौकट: दोन लांब पोलादी बीम आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. केबिन आणि मागचा डबा त्यावर वेगवेगळे बसतात. ट्रक आणि पिकअप अशाच असतात. मोनोकॉकमध्ये ही शिडी नसते. छत, बाजू, फरशी मिळून अख्खी बॉडीच भार उचलते, टाटा विंगरसारखी. अशा गाडीचं छत कापलं तर ताकदच कापली जाते. म्हणून तिची बॉडी तशीच ठेवून आतून घर बनवणं शहाणपणाचं.

लॅडर फ्रेमवर हवा तसा डबा बनवता येतो, पण एक चाक खड्ड्यात गेलं की शिडीला पीळ पडतो. डबा मात्र ताठ. चारही कोपरे घट्ट बोल्ट केले तर तो पीळ थेट भिंतींच्या सांध्यांवर येतो. उपाय म्हणजे मध्ये एक सबफ्रेम टाकून ती स्प्रिंगवर किंवा तीनच बिंदूंवर टेकवायची. युनिमॉगवर बनणाऱ्या मोहिमेच्या गाड्यांत हीच पद्धत असते. युरोपात तिसराही मार्ग आहे: फियाट डुकाटो पुढच्या चाकांवर चालते, मागे प्रोपेलर शाफ्ट नाही, त्यामुळे केबिनमागे आल-को कंपनीची बुटकी चेसिस जोडता येते. फरशी खाली येते, आत डोकं आपटत नाही!

भिंतीत काय भरायचं?

लाकडी चौकट स्वस्त, दुरुस्तीला सोपी, उष्णताही कमी वाहते. पण स्क्रूच्या एका भोकातून पाणी शिरलं की आतल्या आत कुजते आणि बाहेरून कळतही नाही. ॲल्युमिनियमचा स्क्वेअर पाइप कुजत नाही, हलका असतो. मात्र तो लाकडापेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता वाहतो. थंडीच्या रात्री झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ नेमकी त्याच पट्ट्यांवर जमते. शिवाय तो थेट लोखंडाला टेकला आणि कोकणासारखी खारट, दमट हवा मिळाली तर सांध्याशी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये रबर किंवा प्लास्टिकची पट्टी हवीच.

सँडविच पॅनेलमध्ये चौकटच नसते. दोन फायबरच्या पत्र्यांमध्ये फोम चिकटवलेला असतो आणि हे सगळं मिळून भार पेलतं. घरगुती वर्कशॉपमध्ये हे चिकटवणं जमणं कठीण, तयार पॅनेल महाग. तरी माझं मत विचाराल तर नव्या डब्यासाठी हाच पर्याय.

कारण वजन. 12 मिमी प्लाय चौरस मीटरला साधारण 7 किलो भरतो. 20 चौरस मीटर म्हणजे 140 किलो, आणि यात चौकट, पलंग, 100 लिटर पाणी अजून धरलेलंच नाही. युरोपात साध्या कार लायसन्सवर 3500 किलोची मर्यादा असल्याने तिथले बिल्डर किलोकिलोचा हिशोब करतात.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल चालत नाहीत आणि कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. त्यामुळे वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी आरटीओत विचारा.