चरबी स्वस्थ बसत नाही

'खात्यापित्या घरचा दिसतो,' असे आपण अंगाने भरलेल्या माणसाबद्दल कौतुकाने म्हणतो. चरबी म्हणजे शरीराची शिल्लक, अशी आपली समजूत. वैद्यकशास्त्राचीही बराच काळ तीच होती. ती कशी बदलली, ते मला आज सांगायचे आहे.

१९१४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी उंदरांचा आहार कमी केला, तेव्हा त्यांच्या गाठींची वाढ मंदावलेली दिसली. पुढे १९४० च्या सुमारास शिकागोत आल्बर्ट टॅनेनबॉम यांनी असे प्रयोग पद्धतशीरपणे केले. शिवाय आयुर्विम्याची आकडेवारीही तपासली. जाड विमेदारांत कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक दिसत होते. पण का?

पहिला धागा १९७० च्या दशकात हाती आला. चरबीतले एक विकर पुरुषी संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवते. पाळी गेल्यावर स्त्रीच्या बीजकोशांचे हे काम थांबते, चरबीचे मात्र चालूच राहते. हे इस्ट्रोजेन स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींना 'वाढा, वाढा' असा निरोप देत राहते. पेशी जितक्या वेळा दुभंगणार, तितकी चूक होण्याची शक्यता जास्त.

१९९४ साली त्याच रॉकफेलर संस्थेत, जी एव्हाना विद्यापीठ झाली होती, जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने चरबीतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक शोधले. चरबी ही कोठी नाही, ती ग्रंथीसारखी कामाला लागलेली असते, हे आता पक्के झाले. लठ्ठपणात रक्तातले इन्शुलिन वाढते, चरबीत मंद दाह धुमसत राहतो. दोन्ही गोष्टी गाठीला पोषकच.

२००३ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने नऊ लाखांहून अधिक माणसांची सोळा वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली आणि शंका फारशी उरली नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लठ्ठपणाशी निगडित १३ कर्करोगांची यादी दिली.

याचा अर्थ जाड माणसाला कर्करोग होतोच असा नाही, आणि सडपातळ माणूस सुटला असाही नाही. म्हणून कुणाच्या वजनाची थट्टा करण्यासाठी ही माहिती नाही. पण माझ्या भगिनींना एवढे जरूर सांगेन : पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव दिसला, तर 'वयाचे आहे' म्हणून घरात बसू नका. डॉक्टरांकडे जा.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)