कागदाबाहेरची बेटे : कॅरिबियन अभ्यासाची प्रस्तावना

१९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला त्यांच्याच भूमीवर हरवले आणि पदार्पणाच्या त्या मालिकेत सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या, हे आपल्याकडे अनेकांना तोंडपाठ असते. त्यावर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकाने कॅलिप्सो रचला, हेही पुष्कळांना ठाऊक असते. हरलेल्यांनी जिंकणाऱ्याचे गाणे का गावे, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. या विषयात शिरायचे तर तिथूनच शिरावे.

कॅलिप्सो म्हणजे निव्वळ मौजेचे गाणे नव्हे. त्रिनिदादमध्ये तो चावडीचे आणि वर्तमानपत्राचेही काम करत आला आहे. महागाई, राजकारण्यांची लफडी, क्रिकेटमधली फजिती, सगळ्याचा निकाल कार्निव्हलच्या हंगामात गाण्यातून लागतो. त्या निकालात घरच्यांनाही सूट नसते.

वेस्ट इंडीज नावाचा देश नाही. कोलंबसाने १४९२ साली या बेटांना आशिया मानले आणि चुकीचे नाव चिकटून राहिले. १९५८ साली ब्रिटिश अमलाखालच्या बेटांचे संघराज्य उभे राहिले, ते १९६२ मध्ये मोडले. नाव आज मुख्यत्वे क्रिकेट संघात आणि १९४८ साली जमैकात सुरू झालेल्या विद्यापीठात टिकून आहे. क्युबा स्पॅनिश बोलतो, हैती क्रेओल, क्युरसाव पापियामेंतो, बार्बाडोस इंग्रजी. यांतल्या बहुतेकांना जोडणारा धागा उसाचा. उसासाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली गेली. हैतीतल्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवले. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी १८३८ मध्ये पुरती संपली, आणि ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज हिंदुस्थानी मजुरांना घेऊन त्रिनिदादच्या किनाऱ्याला लागले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे अशी करारावर त्या एका बेटावर गेली.

हे सारे कागदोपत्री आहे, आणि अडचण तिथेच आहे. जहाजांच्या याद्या, मळ्यांच्या वह्या, दंडाचे हुकूम लिहिले ते मालकांनी आणि अंमलदारांनी. मळ्याच्या वहीत गुलामाचे नाव गुराढोरांच्या जोडीने, किमतीसह सापडते. त्याला रात्री काय आठवत असे, ते सापडत नाही. जात्यावरच्या ओव्यांतून बायकांचे जगणे वाचणाऱ्या मराठी अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. इथेही गाणे, वाद्य आणि अन्न हीच साधने मानावी लागतात.

उदाहरणार्थ स्टीलपॅन हे वाद्य. १८८०च्या दशकात सरकारने त्रिनिदादमधल्या ढोलांवर निर्बंध घातले. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले, आणि १९४०च्या दशकात तेलाची पिंपे. पिंपाचा तळ घणाने ठोकून वाडग्यासारखा खोल करायचा, त्यावर एकेका स्वराची जागा आखायची, पत्रा आगीवर तापवायचा आणि हातोडीने सूर जुळवायचा. बंदीचा हुकूम दप्तरात मिळेल, पण लोकांनी तो कसा चुकवला, ते या पत्र्यावर वाचावे लागते.

किंवा पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर सकाळी मिळणारे ‘डबल्स’. तळलेले दोन मऊ ‘बारा’, मध्ये रस्सेदार ‘चन्ना’, वर चिंचेची चटणी आणि जळजळीत मिरची. यातले शब्द भोजपुरी मजुरांचे, मिरची अमेरिका खंडातली, आणि चटणीत पडणारी ‘शाडो बेनी’ ही पाने मूळची याच बेटांवरची, नाव मात्र फ्रेंचांकडून आलेले. कागदात गुंडाळलेला हा घास बोटे चाटत संपतो, पण त्याचा इतिहास उलगडायला एक प्रकरण कमी पडावे.

एक सावधगिरी मात्र हवी. त्रिनिदादमध्ये होळीला ‘फगवा’ म्हणताना ऐकले की आपल्याला ‘आपली माणसे’ भेटल्याचा आनंद होतो. पण तिथे गेलेले बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातले, काही मद्रासकडचे. आणि आता ते त्रिनिदादचे आहेत. सेंट लुसियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांनी १९९२च्या नोबेल व्याख्यानात फेलिसिटी गावातल्या रामलीलेविषयी सांगताना स्वतःची चूक कबूल केली. त्यांना आधी ते नाटक वाटले, हरवलेल्या देशाची करुण आठवण वाटली. रामलीला करणाऱ्यांसाठी मात्र ती श्रद्धा होती. शेजारच्या बेटावरचा कवी जिथे चुकतो, तिथे आपण जपून बोलावे.

नव्या वाचकाने सी. एल. आर. जेम्स यांच्यापासून सुरुवात करावी. हैतीच्या क्रांतीवर १९३८ मध्ये आणि क्रिकेटवर १९६३ मध्ये लिहिणारा हा माणूस दोन्हीकडे सारख्याच गांभीर्याने पाहतो. मग व्ही. एस. नायपॉल यांची मिस्टर बिस्वासवरची कादंबरी वाचावी. प्रवासाला निघालात तर समुद्रकिनाऱ्याइतकाच वेळ पॅनच्या तालमीला द्या.

आणि आपण तिथे अगदीच रिकाम्या हाताने जात नाही. ‘बटाटा’ हा शब्द कोलंबसाला भेटलेल्या ताइनो लोकांचा. त्यांनी तो रताळ्यासाठी वापरला. स्पॅनिश-पोर्तुगीज जिभांवरून तो आपल्या किनाऱ्याला उतरला आणि वाटेत दुसऱ्याच कंदाला चिकटला. ताइनोंच्या हातचे लिहिलेले एकही पान जगात नाही. त्यांचा हा शब्द मात्र आपल्या स्वयंपाकघरात रोज उच्चारला जातो.